नखाचा काटा : अंगठ्याचे रुतलेले नख, घरचा उपचार आणि दवाखाना



पायात काटा मोडला तर काय करायचे, हे रानात वाढलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते. काटा काढायचा. तो आत असेपर्यंत वरून हळद लावा, पाला बांधा, नाहीतर गोळी घ्या. ठणका काही थांबत नाही. या अंकातील आरोग्याच्या धड्याचा विषय असाच एक काटा आहे. फरक इतकाच, की तो बाभळीचा किंवा बोरीचा नसून आपल्याच अंगठ्याच्या नखाचा असतो.

पायाच्या अंगठ्याच्या नखाची कड बाजूच्या मांसात घुसते, तेव्हा आपण नख रुतले असे म्हणतो. दुखणे दिसायला लहान, म्हणून ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. पण जव्हार-मोखाड्याच्या बाजूला आवणीच्या दिवसांत जी बाई दिवसभर चिखलात उभी असते, किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून ऊसतोडीला जो मजूर उतरतो, त्याचे सगळे घर त्याच्या पायांवर उभे असते. हंगामाचे पंधरा दिवस अंगठ्यामुळे घरी बसावे लागले, तर ती मजुरी परत मिळत नाही. ज्याच्या पायाला संवेदना नाही किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याच्या बाबतीत तर प्रश्न मजुरीपुरता राहत नाही, बोट वाचवण्याचा होतो.

म्हणून या धड्यात तीन गोष्टी शिकू या : नख रुतते कसे, घरी काय करावे आणि काय करू नये, आणि दवाखान्यात केव्हा जावे.

१. नख रुतते कसे?

नख मुळाकडून पुढे सरकत वाढते. हाताच्या नखापेक्षा पायाचे नख सावकाश वाढते. अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर पुढे येते आणि पूर्ण नवे नख यायला बारा ते अठरा महिने लागू शकतात. हा वेग लक्षात ठेवावा, कारण उपचारात धीर का लागतो ते त्यावरून कळते.

नखाचा कोपरा मांसाच्या वर असतो तोवर नख सरळ पुढे जाते. पण आपण कोपरा गोल आणि खोल कापला, की बाजूचे मऊ मांस त्या रिकाम्या जागेत वर येते. मागून वाढत येणारी नखाची कड मग त्या मांसात शिरते. पुष्कळदा कापताना कोपऱ्यात आत एक बारीक टोक राहून जाते. ते वरून दिसत नाही, पण नख पुढे सरकेल तसे तेच टोक सुईसारखे टोचत जाते.

याची नेहमीची कारणे अशी :

- नख फार खोल किंवा कोपरे गोल करून कापणे, ब्लेडने खरवडणे, हाताने किंवा दाताने तोडणे.
- पुढून चिंचोळे किंवा आखूड बूट घालणे. शाळेच्या गणवेशाचे बूट मुलाचा पाय वाढला तरी तेच राहतात, हे फार ठिकाणी दिसते.
- ठेच लागणे किंवा अंगठ्यावर दगड, लाकूड वा पाट्याचे वजन पडणे.
- पाय सतत ओला राहणे. घामाने, चिखलाने किंवा पावसाळी प्लास्टिकच्या बुटात त्वचा भिजून मऊ होते आणि नख तिच्यात सहज शिरते.
- काही घराण्यांत नखच बाजूंनी वळलेले असते. बुरशीमुळे जाड झालेले नखही रुतू शकते.

हे दुखणे किशोरवयीन मुलांत आणि तरुणांत बरेच आढळते. म्हणून वसतिगृहे आणि आश्रमशाळा येथील सेवकांनी ते विशेष ओळखायला शिकावे.

२. तीन पायऱ्या ओळखा

पहिली पायरी : नखाच्या एका बाजूला मांस लाल होते, थोडी सूज येते आणि दाबले की दुखते. पू नसतो.

दुसरी पायरी : ठणका वाढतो, सूज वाढते, कडेने पाणी किंवा पू येऊ लागतो. पांघरूण लागले तरी रोगी कळवळतो.

तिसरी पायरी : नखाच्या कडेला लालभडक, ओलसर मांस वाढते. हात लागताच त्यातून रक्त येते. हे मांस नखावर चढते आणि आतली कड पूर्ण झाकून टाकते.

पहिली पायरी घरी बरी होऊ शकते. दुसरीत दवाखान्यात दाखवणे शहाणपणाचे. तिसरी घरी बरी होत नाही, असे समजूनच चालावे.

गावात नखाजवळच्या प्रत्येक दुखण्याला नखुरडेच म्हणतात. नखुरड्यात नखाच्या भोवतालच्या त्वचेत पू होतो, पण नखाची कड आत घुसलेली असेलच असे नाही. दोन्हींची सुरुवात सारखी दिसते. शंका असेल तर आरोग्य सेवकाला दाखवावे.

३. घरचा उपचार

हा उपचार फक्त पहिल्या पायरीसाठी, आणि ज्याच्या पायाला स्पर्श व दुखणे नीट कळते अशा निरोगी माणसासाठी आहे.

अ) शेक. स्वच्छ घमेल्यात किंवा टोपात सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे व त्यात चमचाभर मीठ टाकावे. पाय दहा ते वीस मिनिटे बुडवून ठेवावा. असे दिवसातून तीन ते चार वेळा करावे. कामावर जाणाऱ्याला इतके जमले नाही, तर सकाळ-संध्याकाळ तरी करावे. शेकाने मांस मऊ होते आणि ठणका कमी होतो.

आ) पाय कोरडा करणे. शेक झाल्यावर स्वच्छ फडक्याने पाय टिपावा. बोटांच्या बेचक्याही पुसाव्यात. उरलेला दिवस पाय कोरडा ठेवावा. भिजवणे जितके गरजेचे, तितकेच कोरडे ठेवणेही.

इ) मांस नखापासून दूर करणे. हात धुऊन, बोटाने सुजलेले मांस नखाच्या कडेपासून हळूहळू बाहेरच्या बाजूला सारावे. शेकानंतर हे सोपे जाते. आपण नखाला हात लावत नाही, मांसाला बाजूला सारतो, हे लक्षात ठेवावे.

ई) चिकटपट्टी. औषधाच्या दुकानातील साधी चिकटपट्टी बोटभर लांब कापावी. तिचे एक टोक नखाला लागून असलेल्या सुजलेल्या मांसावर चिकटवावे, मांस नखापासून दूर ओढले जाईल अशी पट्टी ओढावी आणि तिरकी खाली नेऊन अंगठ्याच्या तळाशी चिकटवावी. अंगठ्याभोवती घट्ट वेढा देऊ नये, रक्त अडते. पट्टी ओली झाली की बदलावी.

उ) कापसाची वात. कोपरा जोर न लावता थोडा उचलता येत असेल, तर स्वच्छ कापसाची अगदी बारीक वात त्याच्याखाली सरकवावी. त्यामुळे नख मांसावरून पुढे जाते. वात रोज बदलावी. दुखत असेल तर हा प्रयत्न सोडून द्यावा.

ऊ) पादत्राण. बरे होईपर्यंत पुढून मोकळी चप्पल किंवा सँडल घालावी. शेतात अनवाणी जाऊ नये, चिखलात पाय घालणे टाळावे. ते टळत नसेल तर काम संपताच पाय धुऊन कोरडा करावा.

ठणक्यासाठी पॅरासिटामॉल घेता येते. किती व किती वेळा घ्यावे हे आशाताई किंवा आरोग्य सेवक यांना विचारून घ्यावे, विशेषतः मुलांसाठी, गरोदर स्त्रियांसाठी आणि यकृताचा आजार असलेल्यांसाठी.

या उपचाराने तीन-चार दिवसांत दुखणे उतरणीला लागले पाहिजे. दुखणे कमी झाले म्हणजे नख बाहेर आले असे नव्हे. कोपरा मांसाच्या पुढे येईपर्यंत काही आठवडे जातात. तोवर पट्टी आणि मोकळी चप्पल चालू ठेवावी, आणि नख मुळीच कापू नये.

४. काय करू नये

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ब्लेडने किंवा नराणीने कोपरा आणखी खोल कापणे. असे कापले की लगेच आराम वाटतो, कारण टोचणारी कड तेवढ्यापुरती नाहीशी होते. म्हणून माणसाला वाटते, उपाय लागू पडला. पण आत राहिलेले टोक पुढे सरकत राहते आणि काही आठवड्यांनी तेच दुखणे अधिक खोल जागी उभे राहते. माणूस पुन्हा कापतो. असे चार-पाच वेळा झाले, की पहिल्या पायरीचे दुखणे तिसऱ्या पायरीवर जाते. शिवाय तेच ब्लेड अनेकांच्या पायाला लागले, तर एकाचा आजार दुसऱ्याला जाण्याचा धोका असतो.

नखावर शेण, माती, चुना किंवा तंबाखूची राख लावू नये. उघड्या जखमेत शेण-माती गेली तर धनुर्वाताची भीती असते. बिब्बा तर कधीच लावू नये. बिब्ब्याचे तेल कातडी भाजते. आधीच सुजलेल्या अंगठ्यावर फोड येतात आणि जखम वाढते.

दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांवर अवलंबून राहू नये. गोळीने पू काही दिवस कमी होईल, पण नखाची कड आत आहे तोवर तो परत येईल. काटा आत ठेवून जखम भरत नाही. गोळ्या लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतील. बहुतेक वेळा कड काढली की त्यांची गरजही उरत नाही.

५. यांनी घरी उपचार करू नये

पुढील माणसांनी पहिल्याच दिवशी दवाखान्यात जावे :

- मधुमेह असलेले,
- कुष्ठरोगाने किंवा अन्य कारणाने पाय बधिर झालेले,
- पायाला रक्तपुरवठा कमी असलेले. चालताना पोटरी दुखणे आणि पाय गार पडणे ही त्याची खूण असू शकते,
- प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेले.

बधिर पायाची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले आणि त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर अनेक वर्षे काम केले. बोटे रोगामुळे आपोआप झडून जातात, असा लोकांचा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पुष्कळशी हानी वेदना न कळल्यामुळे होते. खिळा टोचला, चटका बसला, जोडा घासला, तरी माणूस चालतच राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणूनच वेदना ही माणसाला मिळालेली देणगी आहे, असे ते सांगत.

रुतलेल्या नखाला हे तंतोतंत लागू पडते. निरोगी माणूस पहिल्या ठणक्यालाच लंगडू लागतो, आणि ते लंगडणेच त्याला वाचवते. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. त्याला कळते ते मोज्यावर किंवा चपलेवर पुवाचा डाग दिसल्यावर. अशा माणसाने रोज संध्याकाळी पाय पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्याने पाहावेत. त्याला गरम पाण्याचा शेक देऊ नये, कारण पाणी किती गरम आहे हे त्याला कळत नाही आणि पाय भाजतो. बधिर पायासाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते. तिच्याविषयी सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करावी. आणि अंगावर न दुखणारा, बधिर चट्टा असेल तर तोही तिथेच दाखवावा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते.

इतर कोणालाही पुढील लक्षणे दिसली तर थांबू नये : पू येणे, लाली अंगठ्यापासून पावलावर पसरणे, पायावर लाल रेघ चढणे, जांघेत अवधाण येणे, ताप, अंगठा काळा-निळा पडणे, किंवा चार-पाच दिवसांच्या घरच्या उपचाराने काहीच फरक न पडणे. नखाखाली कारणाशिवाय काळी रेघ किंवा डाग दिसत असेल, तर तोही डॉक्टरांना दाखवावा.

६. दवाखान्यात काय करतात?

पुष्कळ लोक दवाखाना टाळतात, कारण नख उपटतील ही भीती. म्हणून तिथे काय होते ते आधीच सांगितलेले बरे.

दुखणे थोडे असेल तर डॉक्टर कोपरा उचलून त्याखाली कापूस किंवा छोटी नळी बसवतात. पुढची पायरी असेल तर लहानशी शस्त्रक्रिया करतात. अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना भुलीचे इंजेक्शन देतात. ते टोचताना दुखते, पण काही मिनिटांत अंगठा बधिर होतो. मग रुतलेल्या बाजूची नखाची फक्त उभी पट्टी मुळापर्यंत कापून काढतात. बाकीचे नख जागेवर राहते. रोगी त्याच दिवशी घरी जातो.

तेवढीच पट्टी काढली तर ती पुन्हा उगवते आणि पुन्हा रुतू शकते. म्हणून वारंवार त्रास होणाऱ्याच्या बाबतीत पट्टी काढल्यावर तिच्या मुळाला फिनॉल नावाचे रसायन लावतात. त्यामुळे तेवढ्या भागात नख उगवत नाही. नख थोडे अरुंद होते, पण दुखणे परतण्याची शक्यता बरीच कमी होते. डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नये : ‘पट्टीच काढणार की पूर्ण नख? परत उगवू नये म्हणून काही करणार का?’ नुसते पूर्ण नख उपटले, तर नवे नख येताना पुढचे मांस वर आलेले असते आणि ते पुन्हा रुतण्याची भीती मोठी राहते.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असेलच असे नाही. नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात. जाताना चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी, आणि मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी किंवा भुलीच्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले तेही सांगावे.

घरी आल्यावर पहिला दिवस पाय उंच ठेवावा. पट्टी केव्हा सोडायची हे डॉक्टर सांगतील. बहुधा एक-दोन दिवसांनी. त्यानंतर रोज जखम धुऊन, कोरडी करून स्वच्छ पट्टी बांधावी. फिनॉल लावलेल्या जागेतून दोन ते चार आठवडे थोडे पाणी येऊ शकते; त्याने घाबरू नये. पण ठणका किंवा लाली वाढत गेली तर परत दाखवावे. जखम भरेपर्यंत चिखलातले काम नको. हे शेजाऱ्यांनाही समजावून सांगितले, तर त्या घराची आवणी दुसरे कोणी सावरू शकते.

७. नख कापण्याची रीत

एवढा भाग जरी मुलांना शिकवला, तरी या धड्याचे काम पुष्कळ झाले.

नख अंघोळीनंतर, मऊ असताना कापावे. अंगठ्याचे नख सरळ आडवे कापावे. हाताच्या नखासारखे गोल कापू नये. नख बोटाच्या टोकाच्या बरोबरीने असावे आणि दोन्ही कोपरे मांसाच्या वर दिसत राहावेत. कोपरा टोचत असेल तर तो कानशीने थोडा घासावा, आत शिरून कापू नये. वसतिगृहात एकच नेलकटर सर्वांसाठी असेल तर प्रत्येक वापरानंतर तो साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावा. प्रत्येकाचा वेगळा असेल तर उत्तमच.

८. जोडे पाठवणाऱ्यांना एक विनंती

आपल्यापैकी अनेक जण दरवर्षी मुलांसाठी बूट-चपला पाठवतात. त्या प्रेमाबद्दल आभार मानूनच ही विनंती करीत आहोत. वयावरून अंदाजाने घेतलेला बूट पुष्कळदा मुलाला आखूड पडतो. नवा बूट मिळाला या आनंदात मूल तसे सांगत नाही. बोटे दुमडून तोच घालत राहते आणि महिन्याभरात अंगठा धरते.

म्हणून खरेदीपूर्वी मापे मागवावीत. माप घेणाऱ्याने मुलाला कागदावर उभे करून, दोन्ही पावलांभोवती पेन्सिलने रेघ काढावी. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. बुटात सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी, आणि पुढचा भाग रुंद असावा. लहान मुलांसाठी बंद बुटापेक्षा मागे पट्टा असलेली सँडल बरी. पावसात ती लवकर वाळते. वापरलेले जोडे पाठवायचे असतील तर आतून झिजलेले किंवा दुसऱ्याच्या पायाच्या आकाराने वाकलेले पाठवू नयेत. आणि बुटांबरोबर सुती मोजे व एक नेलकटर ठेवला, तर ती भेट पूर्ण होईल.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. कोपरा खोल कापल्यावर आराम का वाटतो आणि दुखणे परत का येते?

२. आपल्या गावात किंवा मंडळीत मधुमेह असलेले, किंवा पाय बधिर असलेले कोण आहेत? त्यांचे पाय रोज कोण पाहते?

३. पू असताना नुसत्या गोळ्यांनी दुखणे का जात नाही?

४. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते? तिथे जायला गाडी कोणाची आणि सोबत कोण जाईल?

५. या आठवड्यात एका मुलाला नख सरळ कापायला शिकवा. पुढच्या बैठकीत त्याचा अंगठा पाहा आणि कोपरे मांसाच्या वर दिसतात का ते सांगा.